उजव्या हाताचा ब्रेक

पुण्यात सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. कॅनडात तो डाव्या हाताला असतो आणि उजव्या हाताला मागचा. सपाट रस्त्यावर या फरकाने फारसं काही बिघडत नाही. दगडधोंड्यांच्या तीव्र उतारावर मात्र सगळंच बिघडतं, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो, हात आपला आपण दाबला जातो.

हे मला मागच्या वर्षी रुचाने दाखवलं. मी आता राहते त्या हॅमिल्टनचे लोक ज्याला माउंटन म्हणतात तो खरं तर शहराच्या मधून गेलेला एक लांबलचक कडा आहे. त्याच्या उतारावर माझं मागचं चाक सारखं घसरायचं. सायकल क्लबातले बाकीचे म्हणायचे, ही घाबरते. मी घाबरत नव्हते आणि ते ऐकून माझं डोकं फिरायचं. रुचा आमच्या क्लबची कोच. कॅनडाच्या फ्रेंच भागातल्या लव्हालमध्ये जन्मलेली, तीन भाषा एकाच वाक्यात कालवून बोलणारी. तिने मातीतल्या माझ्या चाकाच्या खुणा पाहिल्या आणि विचारलं, "तू सायकल कुठे शिकलीस?" मी पुणे म्हटल्यावर ती हसली. "मग तुझा उजवा हात अजून तिकडेच आहे."

पुढचा अख्खा हिवाळा मी तो हात इकडे आणण्यात घालवला. मी राहते राजनकाकांच्या घरी. ते माझ्या बाबांचे सगळ्यात मोठे आतेभाऊ, स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्या बेसमेंटमध्ये सायकल उभी करून मी डोळे मिटून ब्रेक ओळखायचे. बर्फ वितळल्यावर रुचा मला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गोल गोल फिरवायची आणि मध्येच ओरडायची, पुढचा, मागचा, पुढचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दम वाढावा म्हणून कड्यावरच्या रस्त्याने चढ, खाली उतर, परत चढ. प्रयोगशाळेतून थकून यायचे तरी जायचे. मे महिन्यात एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती ओरडायच्या आधीच माझी बोटं बरोबर हलतायत. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

क्लबच्या मुलींच्या रिले संघात एकच जागा उरली होती. त्यासाठी चाचणी होती शनिवारी: एक चढ, एक उतार आणि घड्याळ.

शुक्रवारी मी लॅबमध्ये असताना राजनकाकांनी माझी सायकल साफ केली. मी घरी आले तेव्हा म्हणाले, एकदम टकाटक करून ठेवलीय, उद्या बघ कशी पळते ते. चेन चकचकत होती. मी मनापासून आभार मानले.

सकाळी सुरुवातीच्या रेषेवर मी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. दोन्ही लागत होते. कोणता कोणत्या चाकाला लागतोय ते मी पाहिलं नाही. ते कोण पाहतं?

चढ छान झाला. उतारावर पहिली दगडी पायरी आली. अशा ठिकाणी पुढचं चाक खाली उतरताना मोकळं सोडायचं असतं आणि मागच्याला हलका ब्रेक. मी डावं बोट उचललं, उजवं हलकं दाबलेलं ठेवलं. पुढचं चाक पायरीखालच्या खाचेत जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पलीकडे खांद्यावर पडले.

उठले. गुडघ्यातून रक्त येत होतं. सायकल उचलून पुढचं चाक हाताने फिरवलं आणि उजवा ब्रेक दाबला. चाक थांबलं. परत फिरवलं, डावा दाबला. चाक फिरत राहिलं. दोन्ही ब्रेकची अदलाबदल झाली होती.

खाली राजनकाका आणि शीलाकाकू थर्मासमध्ये चहा घेऊन उभे होते. मी लंगडत सायकल ढकलत पोचले. काकू गुडघा बघायला धावल्या. मी काकांना विचारलं, ब्रेक तुम्ही बदललेत का.

ते खूश होऊन सांगू लागले. ब्रेकच्या या लिव्हर दोन्ही बाजूंना चालतात, त्यांच्या नळ्यासुद्धा त्यांनी नीट वळवून बांधल्या होत्या. इथले ब्रेक उलटे आहेत अशी मागच्या वर्षी जेवताना मीच तर तक्रार केली होती. मोटरसायकलचा पुढचा ब्रेकही जगभर उजव्याच हाताला असतो, तेव्हा चूक या देशाची आहे, आपली नाही.

"तुझ्या सवयीचं करून दिलं गं," ते म्हणाले. "सरप्राइज होतं."

"माझी सवय मी अख्खा हिवाळा मोडत होते. तुमच्याच बेसमेंटमध्ये, तुमच्या टीव्हीच्या शेजारी. तेव्हा तुम्हाला काय वाटलं, मी काय करतेय?"

काकू म्हणाल्या, अगं, त्यांनी प्रेमानेच केलं ना.

"हो. म्हणूनच मला विचारलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की बाकीच्या मुली वळून बघायला लागल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

रुचाने सगळं ऐकून घेतलं. इतर मुलींना मान्य असेल तर सर्वांत शेवटी तुला आणखी एक फेरी देते, पण पूर्ण फेरी, चढासकट, असं तिने सांगितलं. मुलींनी मान्य केलं. काकांनी लगेच कमरेच्या पाउचमधून षटकोनी पान्यांचा जुडगा काढला आणि सायकलशेजारी वाकले.

मी हात पुढे केला. "पाना मला द्या."

"अगं, नळीला पीळ पडेल, मी पटकन..."

"काका," रुचा म्हणाली, "सिल् वू प्ले, प्लीज. तिला द्या."

मी स्क्रू सैल करू लागले. काका वरून सूचना देत राहिले, आधी डावीकडचा स्क्रू, फार घट्ट नको. सूचना बरोबर होत्या, त्यामुळे मला आणखीच राग येत होता. लिव्हर परत जागेवर बसवल्यावर मी दोन्ही चाकं एकेक करून फिरवून पाहिली.

दुसऱ्या फेरीत उतार अगदी स्वच्छ झाला. त्या पायरीवर डावं बोट आपोआप उचललं गेलं आणि चाक मोकळं खाली उतरलं. पण चढावर गुडघा वाकत नव्हता. तिथे गेलेला वेळ उतारावर भरून निघाला नाही. ती जागा चाचणीला आलेल्या कस्तुरीला मिळाली. तिचा वेळ माझ्या दुसऱ्या फेरीपेक्षा चांगला होता. रुचाने गोल गोल बोलून समजूत घातली नाही, हे बरं केलं.

काका रुचाशी बोलायला निघाले, चूक त्यांची होती असं तिला सांगणार होते. मी त्यांना थांबवलं. ते तिला ठाऊक होतं आणि त्याने घड्याळ मागे जाणार नव्हतं. चहा निवला होता. काकूंनी तरी ओतला. मी घेतला नाही.

गाडीपाशी काका नेहमीप्रमाणे सायकल उचलायला पुढे आले. रॅकवर ती तेच चढवतात, त्यांची पद्धत ठरलेली आहे. सायकलपर्यंत पोचून त्यांचा हात मध्येच थांबला.

"उचलू का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले.

मी सायकल स्वतः उचलली. खांदा इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं. काका शेजारी उभे होते, हात पाठीमागे घेऊन. मी पट्टे आवळेपर्यंत त्यांनी एकही सूचना दिली नाही.