अरुंद कोन

हुपरीत चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडण्यात शिवगंगाची हयात गेली, तरी नजर शाबूत होती. मठातल्या डोळे तपासणीच्या शिबिराला ती निव्वळ शेजारणीच्या सोबतीनं गेली. कोल्हापूरहून आलेल्या डॉक्टर स्वप्नालीनं तिलाही बसवलं आणि बॅटरीचा उजेड कानशिलाकडून आडवा टाकला. नाकाकडचं अर्धं बुबुळ अंधारातच राहिलं.  डॉक्टरनं दुसरा डोळा पाहिला, मग पुन्हा पहिला.

"दुखतंय का मावशी?"

"न्हाय बाई. अजून सुईत दोरा ववते की मी."

"डोळ्याच्या आत पाणी फिरतं. ते बाहेर जायचा कोन तुमचा फार अरुंद आहे. तो अचानक बंद झाला, कधी साध्या सर्दीच्या गोळीनंही होतो, तर दाब चढतो, नजर जाते. गेलेली परत येत नाही. दवाखान्यात या, नीट तपासून लेझरनं बारीक भोक पाडू. सख्खी भावंडं किती?"

"एक भाऊ. इचलकरंजीला कापडाच्या मागावर हाय."

"त्यालाही आणा. हे रक्तात असतं."

शिवगंगानं लेझर करून घेतलं. भाऊ प्रभुलिंग मात्र फोनवर हसला. "अक्का, तुटलेला धागा मला लांबनं दिसतोय. डाक्टर लोकांस्नी गिऱ्हाईक पायजे."

बसव जयंतीला तो घरी आला, तेव्हा जेवताना सारखा कपाळ चोळत होता. "सांजचं दिव्याभोवतीनं रंगीत कडं दिसतंय," तो सहज म्हणाला. "रातपाळी जड जातीया, दुसरं काय."

शिवगंगानं हातातला घास ताटात ठेवला; दिव्याभोवती कडं दिसलं की दाब चढतोय, असं डॉक्टरनं तिला सांगितलं होतं. "तम्मा, उद्याच चल," ती धाकट्या भावाला म्हणाली.

"सण तरी होऊ दे की."

सण झाला, लगीनसराई सरली. पुढं पावसाळ्यात त्याला सर्दी झाली. दुकानातून गोळ्या आणून, त्या खाऊन तो कामावर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोचा, सौंदर्याचा फोन आला.

"अक्का, कालपासनं डोस्कं फुटतंय म्हणत्यात. उलट्या थांबंनात. गल्लीतल्या डॉक्टरनं पित्ताचं इंजेक्शन दिलंय. आता पडल्यात."

"डोळा कसा हाय?"

सौंदर्या आत बघून आली. "उजवा लाल हाय. त्यानं दिसंना म्हणत्यात. पित्तानं हुईल न्हवं?"

"उठव त्याला. आत्ता उठव."

कोल्हापूरला पोचेपर्यंत प्रभुलिंग गाडीत कण्हत होता. मग कण्हणंही थांबलं, आणि शिवगंगाला त्याचंच जास्त भ्या वाटलं. स्वप्नालीनं सलाईन लावलं, थेंब घातले. दाब उतरला, पण उजव्या डोळ्यात नुसता उजेड-अंधार तेवढा उरला. डाव्याला तिनं लगोलग लेझर केलं.

"ह्यो तरी राहील न्हवं?" प्रभुलिंगनं विचारलं.

"तपासत राहायचं," स्वप्नाली म्हणाली. 

शिवगंगाच्या ओठावर 'सांगितलं हुतं' आलं होतं. तिनं ते गिळलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मालकानं त्याला मागावरून काढून सुताच्या कांड्या भरायला बसवलंय. उजवीकडून कुणी आलं की तो दचकतो. सौंदर्या आता वळसा घालून डावीकडून येते, आणि मगच हाक मारते.