टेपवरच्या मुंग्या

काकांना त्या सिनेमाला नेऊ नकोस, असं आईनं एकदा नाही, तीनदा सांगितलं. मला एखादी गोष्ट तीनदा नको म्हटली की ती मी करणारच, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली आणि काकांना फोन लावला.

"रविवारी दुपारी झोपायचं नाही. घ्यायला येते. रात्री आईकडे जेवायचं."

"कशाला गं उगाच," काका म्हणाले. "जुनं ते सोनं. या नव्या पोरांना काय कळतंय त्यातलं? आणि माझे डोळे दुखतात हल्ली."

"मग डोळे मिटून ऐका. पण यायचं."

"लवंगी, माझं जरा ऐक..."

मी फोन ठेवून दिला. लवंगी हे माझं नाव नव्हे. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून काकांनी लहानपणीच मला मिरचीच्या रांगेत बसवलं. पुढे मी गाडी शिकवायचा धंदा काढला. दिवसभर शेजारी बसून लोकांवर ओरडायचं आणि वर त्याचेच पैसे घ्यायचे, त्यामुळे स्वभावाला औषध मिळायच्या ऐवजी खतपाणीच मिळालं.

काका माझे सख्खे काका नाहीत. ते बाबांचे मित्र. दोघं बर्फाच्या कारखान्यात होते. बाबा यंत्रांची दुरुस्ती करायचे आणि काका पाळीवरचे मुकादम. मी सात वर्षांची असताना तिथल्या यंत्रघरात अमोनियाची नळी फुटली. बाबा आत होते. काकांनी बाहेरून लोखंडी दार लावलं आणि आडवा दांडा सरकवला. बाबा गेले, बाकीचे सगळे वाचले. चौकशी झाली. काकांनी केलं ते नियमाला धरूनच केलं, असा निकाल लागला.

मोठ्या माणसांना निकाल पुरतो. मला पुरला नाही. काका घरी आले की मी पलंगाखाली जाऊन बसायचे आणि ते जाईपर्यंत बाहेर यायचे नाही. मग एका रविवारी ते चादरीत गुंडाळलेला व्हिडिओ प्लेयर आणि एक टेप घेऊन आले. टेपवर 'शेवटचा तळ' होता, पहिला भाग, टीव्हीवरून भरून घेतलेला. मी पलंगाखालूनच बघायला लागले.

परक्या ग्रहावरचा तळ ढासळतो आहे, विषारी वाफ पसरते आहे. यानात माणसं खचाखच भरली आहेत, बायका, पोरं, म्हातारे. कप्तानाचा जिवाभावाचा मित्र असलेला इंजिनिअर मात्र अजून पलीकडच्या बोळात आहे. कप्तान दाराशी येतो. "एकासाठी सगळ्यांचा जीव नाही घेणार मी," असं म्हणतो आणि दार लावतो. तिथे आमची टेप खरखरायची, पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्या गेल्या की यान आकाशात असायचं आणि कप्तान खिडकीशी उभा राहून खालच्या ग्रहाला सलाम करत असायचा.

"बाबांचं पण असंच झालं?" मी विचारलं.

"असंच," आई म्हणाली. काकांनी वाकून टेप बाहेर काढली.

त्या दिवशी मी पलंगाखालून बाहेर आले ती कायमची. कप्तान माझ्या घरी येत होता, मला शाळेत सोडत होता, माझ्या सायकलीची साखळी बसवून देत होता. "तुझ्या काकानं तुझ्या बाबांना कोंडून मारलं," असं वर्गातली एक मुलगी म्हणाली तेव्हा मी तिची वेणी हातात येईपर्यंत ओढली. दुसरा भाग आला, तिसरा आला. दोन्ही मी काकांबरोबर पहिल्या दिवशी पाहिले. त्यांत इंजिनिअरचा कुणी उल्लेखसुद्धा करत नाही. गेलेल्या माणसाचं कोण काढतो, असं मी समजत होते. कॉलेजात एकजण मला म्हणाला, "पहिल्या भागात तो दार उघडतो ना, तो सीन म्हणजे कमाल." मी त्याची अशी काही बिनपाण्यानं केली की त्यानं पुन्हा माझ्या वाऱ्याला उभं राहायचं नाव घेतलं नाही. पहिला भाग पुढे कुठे मिळेनासा झाला, हक्कांवरून भांडणं लागली होती म्हणे. मिळाला असता तरी मी कशाला बघितला असता? माझ्याकडे आमची टेप होती.

आणि आता रीबूट. नवे चेहरे, नवा कप्तान, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. मला बाकी कशाची फिकीर नव्हती. यान चौकोनी करा नाहीतर गोल करा, कप्तानाला मिशा लावा, माझी ना नाही. पण दार लागलंच पाहिजे. हल्लीच्या लोकांना कुणाला मारायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, शेवटी सगळ्यांना जिवंत करून मोकळे होतात. ते दार उघडलं असतं, तर दार उघडता येतं असं ठरलं असतं. मग काकांनी ते का उघडलं नाही? हा प्रश्न मी कधी तोंडातून काढला नव्हता, स्वतःशीसुद्धा नाही. पण भीती होती ती त्याचीच.

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून फाटकापाशी उभे होते. इस्त्रीचा होता, पण गुंड्या वरखाली लावलेल्या. माझी शिकवायची गाडी, त्यामुळे शेजारच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. रस्ताभर त्यांचा पाय त्या ब्रेकवर होता.

"दाराला हात लावला असेल ना त्यांनी," मी म्हणाले, "तर मी पडदा फाडून येणार आहे."

"सिनेमा आहे तो, लवंगी."

"तुम्ही म्हणताय हे?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

थिएटर भरलेलं होतं, आणि बरीचशी आमच्यासारखी जुनी खोडं. पिकल्या केसांचे पुरुष, यानाचं चित्र असलेले आखूड झालेले टीशर्ट, पोटावर ताणलेले. मला बरं वाटलं. दाराला हात लागला तर हे लोक चपला फेकतील, मी एकटी नाही.

मध्यंतरापर्यंत सिनेमा बरा होता. नवा कप्तान जरा जास्तच देखणा होता, पण चालवून घेतलं. मध्यंतरात काकांना पाणी आणून दिलं तर त्यांनी बाटली नुसती धरून ठेवली, झाकणही उघडलं नाही. मग तळ ढासळायला लागला, वाफ सुटली, आणि काका खुर्चीतून उठले.

"जरा जाऊन येतो."

"आत्ता?" मी त्यांचं मनगट धरून खाली ओढलं. "बसा. एवढ्यासाठीच तर आलोय आपण."

ते बसले. मनगट मी सोडलं नाही, आणि ते गार पडलं होतं.

कप्तान दाराशी आला. इंजिनिअर बोळाच्या टोकाला खोकत होता. कप्तानानं तेच वाक्य म्हटलं, शब्दन् शब्द तेच, आणि दार लावलं. माझा श्वास मोकळा झाला. मी काकांकडे वळून हसणार होते.

तेवढ्यात दारापलीकडून ठोकल्याचा आवाज आला. दारावर मुठी, आधी जोरात, मग हळू. कप्तान दाराला पाठ लावून उभा. यानातली माणसं त्याच्याकडे बघतायत. मग तो वळला, दोन्ही हातांनी दार ओढून उघडलं आणि वाफेत शिरला. मित्राला काखेत धरून फरपटत यानात आणलं. इंजिनिअर खोकत होता, म्हणजे जिवंत होता.

आणि थिएटरनं टाळ्या वाजवल्या. चपला नाहीत, टाळ्या! माझ्या पुढचा टकलू माणूस उभा राहून शिट्टी मारत होता. माझं डोकं फिरलं. मी काकांना तसंच मनगटाला धरून बाहेर आणलं.

खेळ सुटल्यावर तो टकलू बायकोबरोबर बाहेर आला तसा मी त्याला गाठला. "लाज नाही वाटत? गोष्टीचा पार चोथा केला त्यांनी, आणि तुम्ही शिट्ट्या मारता? जुने चाहते म्हणवता स्वतःला!"

तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. "काय झालं ताई?"

"दार उघडलं ना त्यानं!"

"मग?" तो म्हणाला. "पहिल्यातही उघडतोच की."

"नाही उघडत."

"अहो, उघडतो. सगळा सिनेमा त्याच्यावर तर आहे." त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "उघडतो हो. मी तेव्हाही रडले होते, आजही रडले." मागून आणखी दोघं थांबले. उघडतो, उघडतो, असं सगळेच म्हणायला लागले, आणि माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी दुधखुळी आहे.

"काका," मी म्हणाले, "सांगा यांना. तुमची टेप आहे."

काका आपल्या बुटांकडे बघत होते.

"काका, सांगा ना!"

"घरी चल, लवंगी," ते म्हणाले. "आई जेवायची थांबली असेल."

त्या क्षणी मला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. मी त्या टकलूची माफी मागितली का ते आठवत नाही. मागायला हवी होती.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी दातावर दात दाबून होते.

"टेप कुणी पुसली?"

"मी. तेवढ्या जागेवर कोरं भरलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

पुढे लाल दिवा होता. तो हिरवा झाला, मी निघाले, आणि इतकी वर्षं मी दाबून ठेवलेला प्रश्न वेगळ्याच शब्दांत माझ्या तोंडून बाहेर पडला. "बाबांनी आतून ठोकलं होतं?"

गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक मी लावला नव्हता. मागे हॉर्नचा नुसता कल्ला झाला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"ठोकलं होतं," काका म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. मी दांडा धरून उभा होतो."

"उघडलं असतं तर बाकीचे मेले असते." मी त्यांचीच बाजू घेत होते. सवयच ती, वेणी ओढल्यापासूनची.

"बाकीचे नव्हतेच गं. भोंगा वाजल्या वाजल्या सगळे फाटकापर्यंत पळाले होते. तिथे मी एकटाच होतो. मी माझ्यासाठी दार लावलं. घाबरलो होतो."

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, उभ्या गाडीत.

"बाबा वाचले असते?"

"माहीत नाही. उघडलंच नाही ना मी."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच हात उचलावासा वाटला, सत्तरीच्या माणसावर. हात उचलला नाही, पण वाटलं ते वाटलं.

"आईला माहीत आहे हे?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हटलं, वहिनी, मला पुन्हा दारात उभं करू नका. दोन दिवसांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, 'भावजी, तुम्हाला हाकलून माझं काय भलं होणार आहे? मला ही पोर वाढवायची आहे. तुम्ही जन्मभर या घरी यायचं. तिनं तुम्हाला काका म्हणायचं, जीव लावायचा, आणि तुम्ही तो मुकाट्यानं लावून घ्यायचा. खरं काय ते ठाऊक असताना. हीच तुमची शिक्षा.'" त्यांनी नाक पुसलं. "टेप आणायची कल्पना माझी. तू पलंगाखालून बाहेर येईनास म्हणून. पुसा म्हणाल्या त्या."

लाडात येऊन मी 'काका' अशी हाक मारली की ते क्षणभर खाली बघत. शाळेच्या फाटकात, माझ्या लग्नात, दवाखान्यात माझी मुलगी त्यांच्या हातात दिली तेव्हा. मला वाटायचं, लाजतात.

"मी इथेच उतरतो," ते म्हणाले. "चालत जाईन. आता काही यायला नको मी. तुला कळलं, संपलं." त्यांचा हात कडीकडे गेला.

माझा राग तसूभरही कमी झालेला नव्हता. तो आज कमी होणार नव्हता, कदाचित कधीच नाही. आणि हा माणूस उतरून गेला आणि पुन्हा आला नाही तर मी जगायची कशी, हेही मला त्याच वेळी कळत नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एक निवड असं कुणी मला सांगू नये.

"काका," मी म्हणाले.

त्यांनी खाली बघितलं. आता ते का बघतात हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी मी थांबले नाही.

"काका, पट्टा लावा. आई वाट बघते आहे."

त्यांच्याकडून पट्टा काही केल्या बसेना. मी वाकले आणि तो लावून दिला.