चिठ्ठीत नसलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, खेळ खेळण्यासाठी बनवलेला. काचा कापण्याच्या एका दुकानात, अगदी वरच्या फळीवर, काचा बसवायच्या लांबीच्या डब्यांमागे मी पडून असतो. खाली दिवसभर काचेवर हिरकणी फिरत असते, तिचा बारीक करकर आवाज माझ्यापर्यंत येतो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा बहुधा त्यांची एकच तक्रार असते, की माणसांनी आम्हाला नीट सांभाळलं नाही. माझी तशी तक्रार नाही. माणसांनी मला फार जपलं. मलाच त्यांना जपता आलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. एका बाईने माझ्या पोटात दोन छोटे पंखे बसवले. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती, तरी एकही स्क्रू तिरका गेला नाही. मग एका कोंदट खोलीत आम्हाला ओळीने मांडून तासन्‌तास कामाला जुंपलं. माझ्यावर शेरा पडला, ‘तापतो, पण थांबत नाही.’ तेव्हा मला ती शाबासकी वाटली. माझ्या तळाला एक जाळी आहे. तिच्यातून मी हवा घेतो. ती झाकली गेली की माझा श्वास कोंडतो आणि अंगाची भट्टी होते. माझ्यासोबत खोक्यात एक पुस्तिकाही होती. लॅपटॉप अंगावर ठेवू नये, असं तिच्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. ती पुस्तिका आजही घडी न मोडता तशीच असेल.

मी विक्रीला गेलो त्या दुकानात माझ्या शेजारी आणखी एक लॅपटॉप मांडलेला होता. किंमत जवळपास माझ्याइतकीच. दिसायला मात्र तो अगदीच साधा, मळकट राखाडी. त्याचा पडदा माझ्याएवढा उजळ नव्हता आणि चित्रं फिरवण्याची ताकदही थोडी कमी होती. पण तो हवा वरून, बटणांच्या फटींतून घ्यायचा आणि गरम वारा मागून बाहेर सोडायचा. त्याचं पोट कायम गार असायचं. माझ्या बटणांखाली रंगीत दिवे होते. गिऱ्हाईक आलं की ते आधी माझ्याकडे वळायचं. मी त्या राखाडी शेजाऱ्याची मनातल्या मनात कीव करायचो.

एका सकाळी दीर आणि भावजय आमच्यासमोर येऊन उभे राहिले. तो काचा कापण्याचं काम करायचा, त्याच्या बोटांवर बारीक चिरांच्या खुणा होत्या. ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. तो तिला वहिनी म्हणत होता, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो. त्याच्या हातात एक चिठ्ठी होती. ती त्याच्या मोठ्या भावाने, दादाने, लिहून दिली होती. तिच्यात लॅपटॉपचं नाव आणि क्रमांक होता, बाकी काही नाही. ते नाव माझ्या शेजाऱ्याचं होतं.

त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. दादा उंच क्रेनवर ऑपरेटर होता. इमारतीच्या डोक्यावरच्या काचेच्या खोलीत बसून तो टनावारी लोखंड अलगद खाली उतरवायचा. वर्षापूर्वी शिडीवरून उतरताना त्याचा पाय निसटला आणि पाठीचा कणा मोडला. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो खाटेवर होता. क्रेन चालवण्याचा एक गेम आहे, हे त्याला कुठूनसं समजलं होतं. मग महिनाभर फोनवर लोकांची मतं वाचून, पुन्हा पुन्हा तुलना करून त्याने ते एक नाव चिठ्ठीवर उतरवलं होतं.

विक्रेत्याच्या तोंडात साखर होती. त्याने मला उघडलं, दिवे लावले आणि एक खेळ सुरू केला. मीही जीव तोडून चाललो. वहिनी इतकंच म्हणाली, की त्यांनी लिहून दिलंय तर तोच घेऊ या.

“वहिनी, किंमत तर सारखीच आहे,” धाकटा म्हणाला. “मग दादासाठी कमी ताकदीचा का न्यायचा? वर्षभरात त्याने काही म्हणून मागितलं नाही. पहिल्यांदा मागतोय तर चांगलंच देऊ या.”

तिने दादाला फोन करायला सुचवलं. त्याने मान हलवली. त्याला दादाचा चेहरा खुललेला बघायचा होता. वहिनी चिठ्ठीकडे पाहत राहिली आणि मग गप्प बसली. मित्रांनो, या निवडीत कुणाचाही लोभ नव्हता, हे लक्षात ठेवा. निव्वळ मायेपोटी मला उचललं गेलं. खोक्यात जाताना मी राखाडी शेजाऱ्याकडे एकदा ऐटीत पाहिलं. त्या ऐटीची मला आज लाज वाटते.

घर दोन खोल्यांचं होतं. दादाची खाट खिडकीपाशी होती. धाकट्याने मला खोक्यातून काढून त्याच्यासमोर धरलं, तेव्हा दादाने आधी मला उलटं केलं. माझ्या तळाच्या जाळीवरून त्याने बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. धाकट्याचा चेहरा पडू लागला. आवडला नाही का, बदलून आणू का, असं तो विचारू लागला.

दादाने वर पाहिलं. भावाच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला दिसलं असावं. “कशाला बदलायचा?” तो म्हणाला. “झकास आहे.”

तेवढ्या दोन शब्दांनी सगळं ठरून गेलं.

त्यानंतरचे पाच महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. धाकट्याने खाटेवर ठेवण्यासाठी एक बुटकं टेबल ठोकून दिलं. सकाळी कामावर जाताना वहिनी त्यावर मला मांडायची, चार्जर लावायची आणि दादाच्या पाठीशी दोन उशा द्यायची. दादा गेम सुरू करायचा आणि पुन्हा त्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचा. वारा कुठून आहे, दोर किती झुलतोय, ओझं कधी सोडायचं, हे तो स्वतःशीच पुटपुटायचा. हळूहळू खेळात त्याची इतरांशी ओळख झाली. त्यांतली काही पोरं खरोखरच क्रेनचं काम शिकत होती. ती त्याला वस्ताद म्हणू लागली. त्यांच्या चुका तो न रागावता दाखवायचा. ज्या घरात वर्षभर औषधांच्या वेळांशिवाय बोलणं नव्हतं, तिथे हसू ऐकू येऊ लागलं. वहिनी एकदा शेजारणीला म्हणाली, की यांचा जीव या यंत्रात परत आला बघ. ते ऐकून माझे पंखे जरा जास्तच फिरले असतील.

मग एक दिवस क्रेन शिकवणाऱ्या एका संस्थेच्या प्रमुख बाई घरी आल्या. त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी दादाचं नाव सांगितलं होतं. नव्या मुलांना घरूनच, पडद्यावर, धडे देता येतील का, असं त्यांनी विचारलं. पाय चालत नाहीत त्याचं काय, असं दादाने अवघडत म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाय मला नकोच आहेत. तुमची नजर हवी आहे.” सोमवारी बारा मुलांसमोर एक धडा घ्यायचा आणि तो जमला की नेमणूक पक्की, असं ठरलं.

आधीच्या शनिवारी दादा सकाळपासून सराव करत होता. वहिनी कामावर होती. टेबल त्याला थोडं उंच पडायचं आणि खांदे भरून यायचे. दुपारी त्याने टेबल बाजूला सारलं, मांड्यांवर पांघरूण सारखं केलं आणि मला त्यावर ठेवलं. सरावाचा खेळ मोठा होता. माझं सगळं बळ त्यात लागलं होतं. पांघरुणाने जाळी झाकली आणि माझा श्वास कोंडला.

मी तापू लागलो. कुठल्याही माणसाने पाच मिनिटांत मला मांडीवरून झटकलं असतं. मी वाट पाहिली, आता तो हलेल, आता उचलेल. तो हलला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की त्याला हे कळतच नाही. त्याने ते राखाडी यंत्र का मागितलं होतं, तेही मला त्याच क्षणी उमगलं.

मला तोंड नाही. माझ्याजवळ फक्त पंख्यांचा आवाज होता. होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी पंखे फिरवले. आवाज इतका वाढला की दादाला त्रास होऊ लागला. त्याने उशाशी पडलेले हेडफोन उचलले आणि कानांवर चढवले.

मित्रांनो, मी तीन तास ओरडत होतो.

वहिनी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मला उचलायला तिने तळाखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. तिचे हात इस्त्रीला सरावलेले. त्या हातांनाही मी सोसलो नाही. तिने मला बाजूला केलं, पांघरूण दूर सारलं आणि ती पाहतच राहिली. दादाला तिथलं दिसत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

“काय झालंय?” त्याने विचारलं. आपल्याच अंगाला काय झालंय, हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागलं.

“भाजलंय,” ती म्हणाली. “बरंच.”

फोड फार मोठा नव्हता. दवाखान्यात मलमपट्टी झाली. सोमवारी दादाने मला टेबलावर ठेवून धडा घेतला आणि काय सुंदर घेतला! ओझं हवेत स्थिर कसं करायचं, हे त्याने इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की बारापैकी एकानेही मध्ये प्रश्न विचारला नाही. प्रमुख बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला. धाकट्याला तर काय करू नि काय नको असं झालं. निभावलं, असं मलाही वाटलं.

गुरुवारी ताप चढला. वरून लहान दिसणारी जखम आत खोल गेली होती. लुळ्या पडलेल्या अंगात रक्त नीट फिरत नाही, त्यामुळे अशी जखम लवकर भरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं वहिनी फोनवर कुणाला तरी सांगत होती. दादाला इस्पितळात नेलं. मी कपाटावर बसून रिकाम्या खाटेकडे पाहत राहिलो. एक महिना गेला, मग दुसरा. दुसरीकडची कातडी काढून तिथे लावली, ती धरली नाही. पुन्हा लावली. वहिनी कपडे बदलायला घरी यायची, खाटेच्या कडेवर बसायची आणि तशीच उठून जायची. संस्थेने दोन महिने वाट पाहिली. मग प्रमुख बाईंचा फोन आला. त्या चांगल्या होत्या, म्हणून त्यांना बोलणं जड जात होतं. वर्ग थांबवता येत नव्हता आणि जागा दुसऱ्याला द्यावी लागली होती.

सहा महिन्यांनी दादा घरी आला तेव्हा उशीवर टेकलेलं ते डोकं आधी मला ओळखूच आलं नाही. दिवसातून थोडाच वेळ बसायची परवानगी होती. वहिनीने एकदा मला टेबलावर आणून ठेवलं. त्याने नको म्हटलं, रागाने नव्हे, भूक नसलेला माणूस ताट सारतो तसं. मग तो भिंतीकडे पाहत राहिला.

त्या आठवड्यात धाकटा आला. बराच वेळ तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. शेवटी त्याने विचारलं, “चिठ्ठीत नुसतं नाव का लिहिलंस? कारण लिहिलं असतंस तर मी दुसरा आणलाच नसता.”

“काय लिहू?” दादा भिंतीकडेच पाहत म्हणाला. “मांडीवर निखारा ठेवला तरी मला समजत नाही, असं लिहू? तुझ्या हातात देऊ?”

धाकटा आपल्या बोटांवरच्या चिरा चाचपू लागला.

“आणि तू इतक्या हौसेने आणलास,” दादा पुढे म्हणाला. “मला वाटलं, टेबलावरच तर ठेवायचाय. सांभाळू आपण.”

“मी फोन करायला हवा होता,” धाकटा म्हणाला. दारात उभ्या वहिनीने पदर तोंडाला लावला. मी फोन कर म्हटलं होतं, असं ती म्हणू शकली असती. ती तेव्हाही म्हणाली नाही आणि नंतरही कधी म्हणाली नाही. तिघेही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिलेली माणसं. त्या गप्प राहण्यातच सगळं जळून गेलं होतं.

जाताना धाकट्याने मला काखेत मारलं आणि तो काम करतो त्या या दुकानात आणून फळीवर टाकलं. मला वाटलं होतं तो मला फोडेल. त्याने फोडलं असतं तर बरं झालं असतं.

एका सुटीच्या दिवशी दुकान बंद असताना त्याने मला खाली काढलं, धूळ पुसली आणि सुरू केलं. दादाचा खेळ उघडला. त्यात पोरांचे निरोप साचले होते. वस्ताद, कुठे आहात? वस्ताद, मला कामावर घेतलं, आज पहिल्यांदा वर चढलो. वस्ताद, एकदा तरी या. धाकट्याने चिरांच्या खुणा असलेल्या बोटांनी लिहिलं, ‘दादा बरा होतोय.’ ते तो वाचत राहिला. मग एकेक अक्षर मागे घेत त्याने सगळं पुसलं आणि मला मिटलं. त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. दादा अजून त्या खाटेवर आहे. खिडकीचा पडदा ओढलेला असतो, असं वहिनी परवा इथे येऊन सांगत होती.

माझी बॅटरी आता फुगली आहे, आतून कवच उसवत चाललं आहे. थोड्या दिवसांनी मी भंगारात जाईन. मित्रांनो, तुमच्यासमोर कधी सारख्या किमतीच्या दोन वस्तू असतील तर जास्त काय मिळतंय ते खुशाल बघा. पण ती कुणाच्या हातात, कुणाच्या अंगावर राहणार आहे, ते त्या माणसाला आधी विचारा. आणि तुम्हीच कुणाकडून काही मागवत असाल, तर कारण सांगायला लाजू नका. माया असली तरी तिला न सांगितलेलं कळत नाही.

मी आता गार असतो. हिवाळ्यात तर काचांपेक्षाही गार. त्या शनिवारी मला एवढंच जमायला हवं होतं.