पाखऱ्याच्या खांद्यातला धागा

मी एक जुना धागा आहे. सुताचा नव्हे, कातडीतला. शास्त्रज्ञ मला कोलॅजन म्हणतात. उंब्रजजवळच्या एका मळ्यात लालासाहेबांचा पाखऱ्या नावाचा शर्यतीचा बैल आहे. त्याच्या उजव्या खांद्यात मी राहतो. तो वासरू असताना एका पेशीने मला घडवले, बाहेर सोडले आणि ती पुढे निघून गेली.

मित्रांनो, पेशींना पाय नसतात, तरी त्या चालतात. फक्त धरायला काहीतरी लागते. ते आम्ही. पेशी आपली कड लांबवते, धाग्याला चिकटते, अंग ओढून घेते आणि मागची पकड सोडते. या कामाचे कौतुक कधी झाले नाही. पाखऱ्या जिंकला की गुलाल वर, कातडीवर पडायचा. आत काही आले नाही.

माघात जुवाने खांदा सोलला. जनावरांच्या डॉक्टर प्रांजल मॅडमनी बजावले, "तीन आठवडे जू ठेवायचं नाही."

रक्त गोठून जखमेत जाळे धरले. दोन्ही काठांवरून कातडीच्या पेशी ते जाळे आणि मला धरून निघाल्या. दिवसाला चार-पाच केसांच्या जाडीएवढी वाट. समोरासमोर भेटल्या की त्या थांबतात आणि जखम मिटते. सोळाव्या दिवशी मधे ज्वारीच्या दाण्याएवढी फट उरली होती.

सतराव्या दिवशी रहिमतपूरकडे शर्यत होती. लालासाहेबांची बायको शालूबाई दावणीपुढे उभी राहिली.

"आवं, चार दिस थांबा की. वलं हाय अजून."

"तुझ्या म्हायेरचा हाय का बैल? पोरं गुडघं फोडून घेत्यात, मरत्यात व्हय?"

मैदानावर तपासणी असते. जखमी बैल पळवू देत नाहीत. म्हणून लालासाहेबांनी जखमेवर मूठभर भंडारा थापला. तपासणाऱ्याने हात पुढे केला.

"देवाचा भंडारा हाय, सायेब. हात नगा लावू."

सायबाने हात मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले.

पहिल्याच हिसक्याला जाळे फाटले. सोळा दिवस चाललेल्या पेशी जुवाला चिकटून गेल्या. मी मधोमध तुटलो. पाखऱ्या पहिला आला. लालासाहेब त्याच खांद्यावर थापा मारत होते. "वाघ हाय गड्या, वाघ!" वाघाचे चारही पाय लटपटत होते.

आठवड्यात जखमेत किडे पडले. मॅडम म्हणाल्या, "हा खांदा आता जू घेणार नाही."

"मग वैरण कशापायी घालायची?" लालासाहेब म्हणाले. शालूबाईने पाण्याची बादली तेवढी पाखऱ्यापुढे सरकवली.

मित्रांनो, खपली धरली की तुमचे बोट शिवशिवते. तिच्याखाली कोणीतरी चालत असते. ते पलीकडे पोहोचेपर्यंत हात आवरा. आणि मुक्या जनावराला तेवढे दिवस द्या. ते मागून घेत नाही.

खाटकाचा टेंपो दारात उभा आहे. पेशी अजून जखमेच्या काठावर येतात आणि धरायला धागा चाचपतात. त्यांना कोणी सांगितलेले नाही.