हाक मारणारी मुळं

थोरल्या दिराने सकाळी सकाळी धाकट्या भावजयीच्या रानातून घेवड्याचं एक रोप उपटलं आणि त्याची मुळं मातीसकट तिच्या नाकासमोर नाचवली.

"बघा आबा, बघा! मुळांना गाठीच गाठी. रोग आहे हा. उद्या बांध ओलांडून माझ्या रानात शिरला म्हणजे? आजच्या आज नांगर घालतो."

"भाऊजी, माझ्या रानात कुणाला विचारून शिरलात?"

"तुला काय कळतंय गं शेतीतलं?"

"तुम्हाला कळतं तेवढं न कळलेलंच बरं."

आबा, म्हणजे तिचे सासरे, बांधावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. धाकटीचा नवरा ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. म्हणून बांधाच्या अलीकडचा तुकडा त्यांनी या हंगामापुरता सुनेच्या हवाली केला होता. पिकवलास तर तुझा, नाहीतर दोन्ही तुकडे थोरला करील. थोरल्याचा डोळा त्यावरच होता. स्वतःचा बैल लंगडत होता तेव्हा ज्याने ढुंकून पाहिलं नाही, त्याला भावजयीच्या घेवड्याची एवढी काळजी!

गावात त्याला 'पोतं' म्हणत. पीक पिवळं पडलं, ओत युरियाचं पोतं. हिरवंगार आहे, मग अजून हिरवं होऊ दे, ओत पोतं. डोक्याच्या जागीही त्याने पोतंच ठेवलंय असं धाकटीचं मत होतं, आणि ते ती कुणापासून लपवत नसे.

"नांगर घालायचाच तर आधी शेतकी खात्यातल्या बाईंना दाखवू," ती सासऱ्यांना म्हणाली. पेरणीआधी बियाण्याला चोळायची काळी भुकटी त्याच बाईंनी तिला दिली होती.

बाई दुपारी आल्या. त्यांनी एक गाठ नखाने फोडली. आतून लालसर निघाली.

"रोग कसला! ही तर चांगल्या पिकाची खूण. मूळ मातीत रस सोडतं, ती त्याची हाक. मातीतल्या जिवाणूंना ती कळते, तेही आपला रस सोडून ओ देतात. मग मूळ त्यांना आत घेतं, राहायला खोली बांधून देतं. ते हवेतलं खत पिकाला देतात, पीक त्यांना साखर देतं. भुकटीतून तेच जिवाणू दिले होते मी."

"माझी मुळं बघा, धुतल्यासारखी स्वच्छ आहेत," थोरला छाती काढून म्हणाला.

"असणारच. तुम्ही आयतं खत त्यांच्या तोंडात कोंबता. मग ती कुणाला हाक कशाला मारतील?"

"मुळं हाका मारतात म्हणे!" थोरला पोट धरून हसला आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगत सुटला. सासऱ्यांनी मात्र काढणीपर्यंत नांगर थांबवला.

थोरल्याचा घेवडा कमरेपर्यंत वाढला. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. मग एक वारा आला आणि सगळं रान आडवं झालं. पाला उचलून पाहिला तर शेंगा औषधापुरत्या. धाकटीचं पीक बुटकं, पण शेंगांनी लगडलेलं. सासरे तिच्या रानातून सावकाश फिरून आले आणि म्हणाले, "तुकडा तुझा."

पुढच्या पेरणीला थोरली जाऊ घमेलं घेऊन आली. "थोडी माती दे गं तुझ्या रानातली, तिच्यात ते जिवाणू असतील ना. त्या बाईंकडे जायला यांना तोंड नाही."

"तुम्हाला हवी तर आत्ता देते, जाऊबाई. त्यांना हवी असेल तर त्यांनी यावं."

तो आला. घमेलं पाठीमागे धरून, नजर जमिनीकडे.

"काय हवंय, भाऊजी?"

"माती," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. हाक कशी मारायची ते मुळांनासुद्धा कळतं."

"माती दे म्हणतोय!" तो एवढ्यांदा ओरडला की बांधावर सासऱ्यांनी मान वर केली.

धाकटीने शीग लावून घमेलं भरलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर चढवलं. "आता वरून पोतं ओतू नका."

"आता तू शिकवणार मला!" म्हणत तो गेला.

त्याने माती रानभर फेकली, बी पेरलं, हात झटकले. मग झाडाखालचं युरियाचं पोतं ओढत आणलं आणि फोडलं. धाकटी बांधावरून सगळं पाहत होती. एक हाक मारली असती तर तो थांबला असता. तिने पदर खोचला आणि आपल्या कामाला लागली.