पहिल्या नंबरावर कांद्याचं रोप

सगळं जग त्यांना मामी म्हणे, आणि त्यात त्या बिचारीचा काही दोष नव्हता. नवरा एकतीस वर्षं रेडिओवर शेतीचा सल्ला देत होता. ऐकणाऱ्यांनी त्याचा 'शेतीमामा' करून टाकला, मग मामाच्या बायकोला दुसरं काय म्हणणार? कोपऱ्यावरचा भाजीवाला स्वतः पंचाहत्तरीचा, पण तोही "मामी, टोमॅटो ताजे आहेत" असं लाडीगोडीने म्हणे आणि वर शिळेच टोमॅटो गळ्यात मारी.

मामांनी जन्मात कधी शेती केली नव्हती, ही गोष्ट मामींनी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच त्यांच्या लक्षात आणून दिली होती आणि पुढे ती त्यांना विसरू दिली नव्हती. मामा पुस्तकं वाचत, संशोधन केंद्रात चकरा मारत, शेतकऱ्यांच्या पत्रांचा ढीग उपसत आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं आपल्या भरदार आवाजात सगळं समजावून सांगत. मग घरी येऊन तेच जेवताना मामींना सांगत. मामी प्रत्येक वाक्याला फाटे फोडत. त्यांचा संसार असा वाद घालत घालत अगदी छान चालला होता.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, पण मामांचा आवाज मात्र घोगरा आणि बारीक होऊन बाहेर आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की पहिल्यासारखा आवाज होणार नाही, पण बोलत राहिलात तर आहे तो टिकेल. गप्प बसलात तर तोही जाईल. मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी एका जुन्या मित्राचा फोन आला. मामा बोलले, आणि पलीकडून मित्राने विचारलं, "कोण बोलतंय? जरा मामांना द्या."

झालं. मामांनी फोन मामींच्या हातात दिला, कपाटातून एक वही काढली आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. 'चहा.' 'पेपर आला?' 'पंखा कमी कर.' अक्षर असं वळणदार, की त्याच्यावर रागावताही येऊ नये. मामींनी नाना उपाय केले. एकदा आपलाच चष्मा लपवला आणि म्हणाल्या, "मला वाचता येत नाहीये, तोंडाने सांगा." मामा उठले, स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवरच्या बरणीमागून चष्मा काढून घेऊन आले आणि वहीसकट त्यांच्यापुढे ठेवला. बोलत नसला तरी बघण्यात हा माणूस अजून पक्का होता. मामी हसल्या, पण नंतर भांडी लावताना त्यांना रडू आलं. नवरा समोर खुर्चीत बसलेला आणि त्यांना त्याची आठवण यावी, याला काय म्हणावं?

त्याच सुमारास कृषी विद्यापीठाच्या संग्रहातली एक बाई घरी आली होती. रेडिओ केंद्राच्या गोदामात मामांच्या कार्यक्रमांच्या टेपा सापडल्या होत्या, त्या संगणकावर चढवायच्या होत्या. मोठं चिकाटीचं काम. पंधरा मिनिटांची टेप उतरवायला पंधरा मिनिटं बसावंच लागतं, घाई करून चालत नाही. बाईने दोनशे बारा टेपा उतरवल्या, खोक्यावर जे लिहिलं होतं तेच प्रत्येकीला नाव दिलं आणि एक संच घरी पाठवून दिला. लेकीने तो सरळ गाण्यांच्या ॲपमध्ये टाकला, कारण आईला फोनवर तेवढं एकच बटण धड दाबता येत होतं. मामांनी ते काही ऐकलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'मेलेल्याचे फोटो बघत बसू नये.'

आता या ॲपची भानगड अशी, की खातं एकच आणि वापरणारं घर अख्खं. लेक, जावई, नात आणि मामी, सगळ्यांची गाणी एकाच हंड्यात. वर्ष संपता संपता ॲप आपण होऊन यादी पाठवी : वर्षभरात तुम्ही सगळ्यात जास्त ऐकलेली गाणी. मग वर्षाच्या शेवटच्या रविवारी जेवणं झाली, की लेक ती यादी मोठ्याने वाची आणि ज्याचं गाणं त्याने हात वर करायचा, असा त्या घरात नियमच पडून गेला होता. मागच्या खेपेला जावई पकडला गेला होता. एरवी शास्त्रीय संगीताशिवाय बोलायचा नाही, आणि एका शिट्ट्या-टाळ्यांच्या नाचगाण्यावर त्याची साठ वेळा हजेरी लागलेली.

या रविवारी मामी सकाळपासून अस्वस्थ होत्या. यादी वाचूच नये म्हणून त्यांनी दोनदा विषय बदलला, एकदा भांडी पाडली. लेक कसली ऐकते!

"पाचवा नंबर," लेक म्हणाली. "'परत येऊ नकोस.' त्र्याण्णव वेळा."

नातीचे कान लाल झाले. "मैत्रिणीसाठी लावलं होतं."

"मैत्रीण नव्वद वेळा रडली?" जावई म्हणाला.

चौथं जावयाचं निघालं, पुन्हा नाचगाणंच. तिसरं लेकीचं, दुसरं परत नातीचं. मग लेक थांबली. तिने चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"पहिला नंबर. 'कांद्याचं रोप, भाग दोन, लिहून घेण्यासाठी सावकाश.' तीनशे एक्केचाळीस वेळा."

क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग जो हशा पिकला! जावयाने तर टेबलावर थाप मारली.

"बाबा!" लेक म्हणाली. "आम्हाला सांगता फोटो बघू नये, आणि गुपचूप स्वतःचंच ऐकता होय?"

मामांनी जोरजोरात मान हलवली. कुणी विश्वास ठेवीना. त्यांनी वही उघडून लिहिलं, 'मी नाही. शपथ.' आणि ती सगळ्यांपुढे फिरवली. त्यांचा चेहरा इतका खरा होता, की हसणं हळूहळू ओसरलं. मग उरलं कोण? सगळ्यांच्या नजरा मामींकडे वळल्या.

मामी टेबलावरचं कापड सरळ करत होत्या. ते आधीच सरळ होतं.

"हो, मीच," त्या म्हणाल्या. "हे रोज अकराला फिरायला जातात, तेव्हा लावते. तेवढ्यात माझी कणीक मळून होते."

"रोज? आणि तेच तेच?" नात म्हणाली. "आजी, दोनशे बारा आहेत ना?"

"मला तेच आवडतं."

मामांनी वही पुन्हा जवळ ओढली. मग त्यांनी लिहिलं. या वेळी वही त्यांनी फिरवली नाही, फक्त मामींच्या पुढे सरकवली. 'जुना आवाज बरा वाटतो. साहजिक आहे.'

वर्षभर मामींना हीच भीती होती. म्हणून तर दार लावून, ते जिना उतरून गेल्याचा कानोसा घेऊन मग फोन हातात घ्यायच्या. आता हा माणूस जो काही दोन-चार शब्द चुकूनमाकून बोलायचा, तेही बंद करणार. त्या "अहो, तसं नाही हो" एवढंच म्हणाल्या. कसं आहे ते त्यांचं त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

नातीला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिने फोन ओढला आणि बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी," शेतीमामांचा भरदार आवाज खोलीत उमटला. "आज कांद्याचं रोप. कागद-पेन्सिल घ्या, मी सावकाश सांगतो. वाफा ठेवा एक मीटर रुंद."

मग आवाज थांबला. ऐकणाऱ्यांना लिहून घेता यावं म्हणून मामा त्या भागात प्रत्येक वाक्यानंतर चांगले सात-आठ सेकंद थांबत. फोनमधून नुसती टेपेची खरखर येत होती, आणि त्या शांततेत मामींच्या तोंडून सवयीने निघून गेलं :

"घरात कपाट लावलं ते तिरकं, आणि म्हणे एक मीटर."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मामींनी तोंडावर हात ठेवला.

"बी दाट पेरू नका," टेपेतले मामा म्हणाले.

मामींनी ओठ घट्ट मिटले. पण तीनशे एक्केचाळीस वेळांची सवय होती ती, अशी थोडीच ऐकणार. "तुम्हाला पेरताना बघितलंय कुणी?"

"रोप सहा ते सात आठवड्यांचं झालं की लावायला घ्या."

"सहा आठवडे! बाथरूमचा नळ गळतोय म्हणून सांगून सहा महिने झाले."

आता नात पोट धरून हसत होती, जावई डोळे पुसत होता. नेमकं वाक्य संपलं की मामी सुरू होत आणि पुढचं वाक्य यायच्या आत बरोब्बर संपवत. एकदाही एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं येत नव्हतं. लेक मात्र हसायची थांबली होती. आई रोज अकरा वाजता स्वयंपाकघरात काय करते, ते तिला कळलं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते, टेप नव्हे, तर टेपेच्या मधलं.

"पाणी बेताचं द्या," भरदार आवाज म्हणाला. "तहानेने मरतात त्याहून जास्त रोपं पाण्याने मरतात."

"हे कोण सांगतंय!" मामी आता थांबण्यातल्या नव्हत्याच. "बाल्कनीतलं माझं लिंबाचं झाड कुणी मारलं मग?"

"तू."

आवाज घोगरा होता, बारीक होता, आणि फोनमधून आलेला नव्हता. मामी गर्रकन वळल्या.

मामांनी घसा खाकरला. "तू मारलंस. रोज... दोन-दोन मग पाणी."

या जागी आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. मामींकडे पुढच्या वाक्याचा टोमणा तयार होता, त्याच्या पुढच्याचाही होता, पण या 'तू'वर काय बोलायचं याची तयारी नव्हती.

"मी?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी समजतेय की तुम्ही ते उन्हात ठेवलं म्हणून..."

"सांगितलं होतं तेव्हाच. तू ऐकतेस... कुठे?"

"पानं पिवळी पडली तर घाबरू नका," टेपेतले मामा मध्येच म्हणाले. "पानं पिवळी पडण्याची..."

"हा कोण मध्ये मध्ये बडबडतोय!" मामी फणकारल्या आणि त्यांनी नातीच्या हातातून फोन घेऊन तो बंद करून टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना ते पुसायलाही सवड नव्हती. "हां, बोला आता. काय म्हणत होतात? माझ्यामुळे मेलं? पुन्हा म्हणा बरं."

मामा पुन्हा म्हणाले. आवाज टेबलाच्या या टोकापर्यंत धड पोचेना, म्हणून मामींनी आपली खुर्ची फरफटत नेऊन त्यांच्या खुर्चीला भिडवली आणि कान पुढे केला.