प्लम फोर्कचा कायदा आणि चोवीस उंदीर

पोलीसप्रमुख वेंडेल प्राऊ मागच्या दाराने आत आले, तेव्हा मार्नी क्लॉफेनस्टाइन स्वयंपाकघरातल्या टेबलावर चोविसाव्या उंदराची शेपूट शिवत होती.

उंदीर कापडाचे होते. पोटात वाळवलेलं कॅटनिप, म्हणजे पुदिन्याच्या जातीतलं ते झाड, ज्याच्या वासाने मांजरं जमिनीवर लोळण घेतात. मार्नीने बी पेरण्यापासून सगळं स्वतः केलं होतं. जिल्ह्याच्या जत्रेत मुलांच्या शेती क्लबचं प्रदर्शन असतं, त्यात तिला गेली तीन वर्षं पांढरी फीत मिळत होती. आता पांढरी फीत म्हणजे काय, तर ‘आलीस, बरं वाटलं, जा’. मागच्या वर्षी तर परीक्षकबाईंनी वर चिठ्ठीही लावली होती: ‘सूचनेचं लेबल नाही.’ म्हणून या वर्षी प्रत्येक उंदराच्या गळ्यात सुबक अक्षरात लेबल होतं: ‘माणसांनी खाण्यासाठी नाही.’

“सुई खाली ठेव, बाळा,” प्राऊकाका म्हणाले.

“का? शेवटचाच टाका राहिलाय.”

“मार्नी, ती सुई खाली ठेव.” आवाज एकदम सरकारी. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. “हे सगळं मला जप्त करायचंय.”

मार्नी आधी हसली. मग काकांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, आणि तिचं हसू तिथेच थिजलं.

त्याचं असं झालं होतं. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर व्हर्जिल स्टॅम्परने काउंटरवर चकचकीत पाकिटं ठेवायला सुरुवात केली होती. वर नाव ‘सुगंधी धूप’, खाली बारीक अक्षरात ‘माणसांनी खाण्यासाठी नाही’. धूप म्हणे! गॅरेजवाल्या डेनीने तो चिलमीत भरून ओढला आणि भर दुपारी टपालपेटीशी दोन तास भांडत उभा राहिला. पेटी आपल्याला उलट उत्तरं देतेय असं त्याचं म्हणणं. गाव आठवडाभर हसलं. पण पुढच्या खेपेला डेनीला अॅम्ब्युलन्समध्ये घालून न्यावं लागलं, तेव्हा कोणी हसलं नाही. नगरपरिषदेने त्याच महिन्यात बंदीचा कायदा केला.

कायदा लिहिला नगरपरिषदेच्या कारकून हेझलबाईंनी. लिहिला म्हणजे, शेजारच्या चार गावांचे कायदे मागवले आणि चारही एकापुढे एक चिकटवले. आमच्याकडे कायद्याची तीन वाचनं व्हावी लागतात, आणि वाचन म्हणजे फक्त मथळा मोठ्याने म्हणायचा. आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही, तशी पद्धतच नाही. घाई होती म्हणून तिन्ही वाचनं एकाच संध्याकाळी उरकली. हेझलबाईंनी मथळा तीनदा म्हटला, पाचही नगरसेवकांचे हात तीनदा वर गेले, आणि सगळे आइस्क्रीम खायला गेले.

“कलम चार,” प्राऊकाका वाचू लागले. “‘अशी कोणतीही वाळवलेली वनस्पती, जिच्यावर ‘माणसांनी खाण्यासाठी नाही’ अशी सूचना आहे, आणि जिच्या वासाने, धुराने वा सेवनाने माणसाच्या अथवा प्राण्याच्या वागण्यात बदल होतो...’”

“प्राण्याच्या?” मार्नी ओरडली. “प्राणी कुठून आला मध्येच?”

“मला काय माहीत? छापलंय, म्हणजे आहे.”

(प्राणी आला होता घोड्यांच्या शर्यतीतून. चारांतल्या एका गावाने घोड्यांना औषध टोचण्याविरुद्धचा नियम आपल्या कायद्यातच कोंबला होता.)

“काका, अहो तुमच्याच घरी मांजर आहे!”

“म्हणून तर मला ठाऊक आहे, ते काय होतं ते.” काकांनी चोवीस उंदीर खोक्यात भरले, पावती फाडली आणि दारात थांबून अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले, “व्हर्जिलची पाकिटं उचलली तेव्हाच तो म्हणाला होता, ‘दुसऱ्या कोणाला सोडलंत तर कोर्टात जाईन.’ माझे हात बांधलेत गं पोरी.”

प्रदर्शनात वस्तू जमा करायची शेवटची वेळ बुधवारी दुपारी बारा. त्या दिवशी होता शुक्रवार. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला नगरपरिषदेची बैठक होती. त्यात कोणीही गावकरी उठून तीन मिनिटं बोलू शकतो.

“तू बोल ना, आई.”

“उंदीर माझे आहेत का?” आई भांडी पुसत म्हणाली.

वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणताना जिचा आवाज चिरकतो, ती मार्नी नगरपरिषदेत बोलणार! तिने कायद्याची प्रत आणली आणि शनिवार-रविवार पालथी पडून वाचली. अठरा पानं. सोमवारपर्यंत अख्ख्या प्लम फोर्कमध्ये तो कायदा वाचलेली ती एकमेव व्यक्ती होती.

इकडे पोलीस ठाण्यात वेगळाच तमाशा. ठाणं म्हणजे नगरपरिषदेच्या मागची एक खोली. खोकं कपाटात, कपाट खिडकीजवळ. शनिवारी सकाळी खिडकीच्या कठड्यावर तीन मांजरं होती, रविवारी नऊ. सोमवारी प्राऊकाकांना गाडीच्या टपावरून एक पिवळा बोका हाताने उचलून काढावा लागला, आणि त्याने जाताना काकांच्या हातावर चार रेघा ओढल्या.

मंगळवारी बैठकीत हे सगळं पुराव्यादाखल सांगून काका म्हणाले, “गावातली चौदा मांजरं व्यसनी झालीत. मी स्वतः मोजलीत.”

“त्यात माझी डचेस होती,” नगरसेविका ओपल ड्रेक्सलर थरथरत म्हणाल्या. ओपलबाई चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिस्त लावत आल्या होत्या. “माझी डचेस! जातिवंत, कुळातली मांजर! ठाण्याच्या पायरीवर चार पाय वर करून पडली होती. सगळ्या गावासमोर!”

नगराध्यक्ष गेलर्ड स्टम्फ यांनी अंडी उकडायचं घड्याळ समोर ठेवलं, तीन मिनिटांवर पिळलं. “बोल, मार्नी.”

मार्नी उठली. पाठ केलेलं सगळं भाषण डोक्यातून उडालं, अगदी पहिल्या शब्दासकट. हातात फक्त कायदा होता. मग तिने तोच वाचायला घेतला.

“‘कलम दोन. अंघोळीच्या पाण्यात टाकायची क्षार किंवा मीठ या स्वरूपातली कोणतीही भुकटी, जिच्यामुळे मनाला आराम किंवा हुशारी वाटते, ती विकणे, देणे वा बाळगणे...’”

“बाळगणे?” नगराध्यक्षांनी मान वर केली. त्यांची बायको गुलाबाच्या वासाचं अंघोळीचं मीठ बरण्या भरभरून ठेवते हे गावाला ठाऊक होतं. नाताळात ती तेच वाटते.

“‘कलम तीन. उत्तेजक पदार्थ असलेलं कोणतंही पेय, झाडाच्या बियांपासून केलेलं...’”

भिंतीजवळच्या कॉफीच्या पिंपापाशी एक गृहस्थ कप भरत होते. त्यांनी नळ हळूच बंद केला.

“‘कलम पाच. प्राण्याला आकर्षित करणारा कोणताही वासाचा द्रव, ज्यावर माणसांसाठी नाही असं...’”

टर्रर्र! घड्याळ वाजलं.

“वेळ संपली,” नगराध्यक्ष सुटकेचा श्वास टाकत म्हणाले. “धन्यवाद, बस.”

“ए, थांबा!” रूबेन हॉक नावाचे नगरसेवक अर्धे उठले. त्यांचं पेंड-खताचं दुकान. “हरणाच्या मुताबद्दल आहे का हो ते?”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“हरणं वासाने जवळ यावीत म्हणून शिकारीला नेतात ते! माझ्याकडे साठ बाटल्या आहेत! वाच, पोरी, पुढे वाच.”

“रूबेन, तीन मिनिटं झाली.”

“गेलर्ड, मी तुरुंगात जायची वेळ आलीये, आणि तू अंड्याचं घड्याळ दाखवतोस?”

आणि मार्नीने वाचलं. अठराच्या अठरा पानं. आवाज पहिल्या पानावर चिरकत होता, सहाव्यावर सरळ झाला, दहाव्यापासून तर ती चक्क मजा घेऊ लागली. मध्येच थांबून सभेकडे बघायची, कोणाचा चेहरा पडला ते टिपायची, मग पुढे. चर्चचा धूप गेला. उशीत भरायचं लव्हेंडर गेलं. हेझलबाईंच्या सर्दीचं मलम गेलं, तेव्हा हेझलबाई टंकयंत्रामागे इतक्या खाली सरकल्या की फक्त अंबाडा दिसत होता.

“रद्द करा!” रूबेन गरजले. “आत्ताच्या आत्ता रद्द!”

मागच्या रांगेतून एकट्याने टाळ्या वाजवल्या. व्हर्जिल स्टॅम्पर. “शाब्बास, पोरी! उद्या सकाळी काउंटर पुन्हा भरतो बघ. पहिलं पाकीट तुझ्या नावाने!”

आता मार्नीची पंचाईत झाली. कायदा रद्द झाला की उंदीर सुटले, पहिल्या क्रमांकाची निळी फीत समोर दिसत होती. नुसतं खाली बसायचं होतं. पण दुसऱ्या रांगेत डेनीची आई बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मार्नीकडे बघत राहिली, बस्स.

“नको,” मार्नी म्हणाली.

“काय नको?” रूबेन वैतागले. “अगं, तुझंच काम करतोय!”

“रद्द नको. प्राऊकाका, ती पाकिटं राजधानीत तपासायला पाठवली होती ना? काय निघालं त्यात?”

काकांनी टोपी मागे सारली. “पानं साधीच होती. कुठलंही गवत म्हण. त्यावर कारखान्यात बनवलेलं रसायन फवारलेलं. खरं विष ते. दर महिन्याला बदलतात, म्हणून पकडता येत नाही.”

“मग पानाला कशाला धरताय?” मार्नीचा आवाज आता छताला लागत होता. “फवाऱ्याला धरा ना! नशा यावी म्हणून ज्याच्यावर कोणतंही बनवलेलं रसायन फवारलंय, ते बंद. नाव काहीही असो, लेबल काहीही असो. संपलं. मांजर नको, मीठ नको, हरण नको!”

व्हर्जिलच्या टाळ्या थांबल्या होत्या.

हेझलबाईंचा अंबाडा वर आला. त्यांनी कागद घातला आणि टकटक सुरू केली. जुन्या अठरा पानांच्या जागी अडीच इंचांची दुरुस्ती झाली. पण आजच मंजूर करायची तर पाचही हात वर हवेत, नाहीतर तीन बैठका, म्हणजे तीन महिने. चार हात गेले. ओपलबाईंचा हात टेबलावरच.

“कॅटनिप नशा नाही हे मला कोणी सांगावं?” त्या म्हणाल्या. “मी डचेसला डोळ्यांनी पाहिलंय.”

“मांजराला होतं हो, माणसाला नाही!” मार्नी म्हणाली.

“कशावरून?”

शेवटी ओपलबाई स्वतःच म्हणाल्या, “आणा एक इकडे.”

काका मागच्या खोलीत गेले, एका मांजराला पायाने दार लावून बाहेर ठेवलं आणि उंदीर घेऊन आले. ओपलबाईंनी चष्मा काढला. उंदीर नाकाशी धरला. डोळे मिटून असा दीर्घ श्वास घेतला, की रूबेननी छातीवर क्रूसाची खूण केली. नगराध्यक्षांनी काही न सुचून घड्याळ पुन्हा तीन मिनिटांवर पिळलं.

तीन मिनिटं सगळं सभागृह ओपल ड्रेक्सलरकडे बघत होतं. त्यांनी एकदा खांदा हलवला, तेव्हा हेझलबाईंनी श्वास रोखला. त्या एकदा छताकडे बघून हसल्यासारख्या दिसल्या, तेव्हा प्राऊकाका उठून उभेच राहिले.

टर्रर्र!

“गवताचा वास येतो,” ओपलबाई म्हणाल्या. “आणि शिंक येतेय.” त्या शिंकल्या. मग हात वर केला. “पण डचेसला मी आता घराबाहेर सोडणार नाही, लिहून घ्या, हेझल.”

हेझलबाईंनी नवा कायदा मोठ्याने तीनदा वाचला. पूर्ण. तिसऱ्या वेळी तर सभेतले लोक बरोबरच म्हणत होते. व्हर्जिल दुसऱ्या वाचनालाच निघून गेला होता, आणि डेनीच्या आईने जाताना मार्नीचा हात एकदा जोरात दाबला. मोठं माणूस मोठ्या माणसाचा दाबतं तसा.

बुधवारी बाराला दहा मिनिटं असताना चोवीस उंदीर प्रदर्शनाच्या टेबलावर रांगेत बसले. प्राऊकाकांनी ते स्वतःच्या गाडीतून आणून पोचवले होते, आणि गाडीमागे दोन मांजरं गावाच्या वेशीपर्यंत धावली होती.

निकाल लागला शनिवारी. लाल फीत. दुसरा क्रमांक. खाली चिठ्ठी: ‘लेबल उत्तम. पोटाचे टाके सैल.’

“अगं, लाल!” आई हरखली. “पांढरीवरून लाल! चल, फोटो काढू.”

पण मार्नी जागेवर नव्हतीच. ती मंडपाच्या दुसऱ्या टोकाला परीक्षकबाईंसमोर उभी होती, हातात उंदीर उलटा धरून.

“कुठे सैल आहेत? दाखवा ना. हा बघा, ओढा. जोरात ओढा, बाई. अहो, घाबरता काय?”

बाईंनी ओढलं. टाका तुटला नाही. त्यांनी दुसरा उंदीर घेतला, मग तिसरा, मग खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा शोधू लागल्या. आई बाही खेचत होती, मागे रांगेत तुळशीची कुंडी घेतलेला एक मुलगा खोळंबला होता, आणि मार्नीचे अजून एकवीस उंदीर ओढून बघायचे बाकी होते.